एकाच ताग्यातल्या चाळीसजणी

मे महिन्यातल्या लग्नाला काय घालायचं, हा प्रश्न बायकांचं डोकं उठवतो. मला त्याची भीती वाटत होती.

पलंगावर दोन ड्रेस होते. एक निळा, सुती, बिनबाह्यांचा. अलिबागच्या दुकानात तासभर आरशापुढे उभं राहून घेतलेला. गणराजशी संसार केला त्या चार वर्षांत माझा रुमालसुद्धा तोच निवडायचा. त्याचं घर सोडल्यावर माझ्या पसंतीनं घेतलेला हा पहिलाच कपडा. हौसेनं 'मैत्रिणीच्या हळदीला हाच!' असं लिहून फोटो स्टेटसला टाकला आणि तिथंच माती खाल्ली. गणराजला ब्लॉक केलं होतं, त्याच्या बहिणीला करायचं राहिलं. सकाळी अनोळखी नंबरवरून मेसेज आला: 'हळदीला येतोय. निळ्यात लांबूनही दिसशील. तमाशा न करता घरी चलायचं.'

दुसरा ड्रेस पिवळा. लग्न आगरदांड्याजवळच्या एका कोळीवाड्यात होतं आणि तिथं हळदीला साऱ्या बायका एकसारख्या नटतात. एरवी साड्या असतात. यंदा उकाडा बघून नवरीनं, म्हणजे माझ्या मैत्रिणीनं, किशोरीनं, एकाच ताग्यातून चाळीस सैल ड्रेस शिवून घेतले होते. माझा हातात पडला तेव्हा मी फणकारले होते, "आता तूही सांग मला काय घालायचं ते!"

तोच आता मुकाट्यानं अंगात घातला. घरीच थांबले असते, पण माझं घरही त्याला ठाऊक होतं आणि तिथं मी एकटी होते.

मांडवात बेंजो दणाणत होता. किशोरीची आई, साठीतली नीराकाकी, आयुष्यात पहिल्यांदा ड्रेस घालून हसत सुटली होती. मी तिच्या कानात सगळं सांगितलं. तिचं हसू गेलं.

"नाच," ती म्हणाली. "आमच्यात मिसळून नाच. थांबू नको."

तेवढ्यात तो आलाच. मी पाठ फिरवून नाचत राहिले. तेच कापड, तेच अबोलीचे गजरे, पाठमोऱ्या सगळ्या सारख्याच. तो निळा शोधत एक फेरी मारून गेला. मग आमच्यातच घुसला. त्याच्या अत्तराचा वास आला. त्याचा हात पुढे आला आणि शेजारणीच्या खांद्यावर पडला.

"चल घरी."

शेजारीण वळली. नीराकाकी होती.

"व्हय, चलते की. आदी सांग, कोनाच्या घरी?"

बेंजो थांबला. एकूणएक बायका वळल्या. त्यानं मला ओळखलं, पण मधे उभ्या असलेल्यांतली एकही बाजूला सरली नाही. तो मागं सरकू लागला. किशोरीच्या काकांनी त्याला मोठ्या आदरानं जेट्टीवर नेलं आणि खाडीपलीकडच्या दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत बसवूनच परत आले.

दुसऱ्या दिवशी लग्नाला मी निळा घातला. भीती गेली नव्हती. मांडवाच्या दाराशी जरा कुणी जोरात बोललं की दचकत होते. नीराकाकी समोर आली तशी मी सवयीनं विचारलं, "चालेल ना हा?"

"मला काय इचारतस? तुला आवडला न्हाय का?"

"आवडला," मी म्हटलं, आणि मला रडू आलं.