न जाणवलेला धक्का

मोठा भूकंप होऊन बारा दिवस झाले, तरी माझे सासरे अंगणातून घरात यायला तयार नव्हते. इंजिनिअरने सगळं घर ठोकून पाहिलं होतं. जिन्यालगतची एक चीर सोडली तर भिंती ठणठणीत आहेत, असं लिहूनही दिलं होतं.

"त्याला काय जातंय लिहायला?" म्हणत बाबांनी ताडपत्रीची दोरी आणखी घट्ट आवळली. चाळीस वर्षं चष्मे बनवण्यात गेलेला माणूस. काचेवरचा केसाएवढा ओरखडाही त्यांच्या नजरेतून सुटत नसे, आणि ही चीर तर चांगली वीतभर होती.

सासूबाई मात्र दुसऱ्याच दिवशी माडीवरच्या आपल्या पलंगावर परतल्या. "जमिनीवर झोपून कंबर गेली, तर मला मोडायला भूकंपाची गरजच नाही," म्हणाल्या.

मी भूकंपमापन केंद्रात नोकरीला, म्हणून बाबांचा सगळा राग माझ्यावर. रोज सकाळी मी निघाले की विचारायचे, "आज किती वाजता?"

"बाबा, वेळ कुणालाच सांगता येत नाही. धक्के दिवसेंदिवस कमी होतायत, एवढं सांगते. मध्येच एखादा मोठा येऊही शकतो."

"म्हणजे येईल किंवा येणार नाही. हे मीही सांगितलं असतं, बिनपगारी."

अशातच फोनवर एक मेसेज फिरू लागला: मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मोठा धक्का! हे खोटं आहे असं मी कानीकपाळी ओरडून सांगितलं, पण बाबांनी अख्खी गल्ली मैदानात नेऊन बसवली. चार दहा झाले, साडेचार झाले, पाच वाजले. काही हललं नाही. शेजारच्या शिंपीणबाई तणतणत उठल्या, "दोन गिऱ्हाइकं परत गेली माझी!" बाबा मान खाली घालून सगळ्यांच्या शेवटी घरी आले. मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा पाहून ते आवरलं.

आणि बुधवारी सकाळी साडेदहाला खरोखरच एक छोटा धक्का आला. लगेच सासूबाईंचा केंद्रात फोन: "पलंग हलला, खिडकीच्या काचा वाजल्या, सात-आठ सेकंद." मी त्यांची नोंद लिहून घेतली.

संध्याकाळी बाबांना कळलं, तर ते चक्रावलेच. "कुठला धक्का? मी तर अंगणात झाडांना पाणी घालत होतो."

"म्हणूनच नाही कळला. उघड्यावर, चालता-फिरता छोटे धक्के लक्षात येत नाहीत. माडीवर स्वस्थ बसलेल्या माणसाला आधी कळतात. जमीन किती हलली ते यंत्र सांगतं, पण कुठल्या घरात काय वाजलं ते माणसांनीच सांगावं लागतं."

"म्हणजे हिची नोंद लागली?"

"लागली."

"आणि माझी?"

"तुमचीही घेते ना. 'जाणवला नाही' अशी."

ते त्यांना फार लागलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून परतले, तर बाबा माडीवर! खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसलेले, पायात बूट, खिशात टॉर्च, मांडीवर वही.

"बाबा, भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पण बसून वाटते. तू दारात उभी राहून जमीन हलवू नकोस."

पहिले दोन दिवस दर तासाला ते अंगणात एक फेरी मारून येत. तिसऱ्या दिवशी बूट निघाले. रविवारी दुपारी त्यांनी एकदम हात वर केला आणि खाली ओरडले, "आला! काचा नाही, नुसतं दार करकरलं! तीन सेकंद!"

स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "मला नाही बाई कळला."

बाबांचा चेहरा असा उजळला, की इतक्या दिवसांत मी तसा पाहिला नव्हता. केंद्राला त्यांनी स्वतः फोन केला आणि पलीकडच्या माणसाकडून सगळं परत वाचून घेतलं. मग गल्लीत फिरून कुणाच्या घरी काय वाजलं ते विचारून आले. शिंपीणबाईंनी सांगितलं, की त्यांच्या कात्र्या खिळ्यावर डुलल्या. तेही उतरवून घेतलं.

त्या रात्री सासूबाईंनी पलंगावर दुसरी उशी ठेवली. बाबा बराच वेळ छताकडे बघत पडले होते, असं त्या सकाळी सांगत होत्या. "आणि मग असे घोरायला लागले," त्या म्हणाल्या, "की मीच एकदा दचकून उठून बसले."