बांबूची दुसरी काठी

फिलिपिन्समधल्या बातानच्या जंगलात जपान्यांशी लढायला अमेरिकन सार्जंट वेल्डन टॅकेटला रायफल मिळाली ती मागच्या महायुद्धातली, बापाच्या काळची. तिचा रिकामं काडतूस ओढून काढणारा आकडाच मोडका. टॅकेटने ती गुपचूप आपल्या तुकडीतल्या फिलिपिनो फाउस्टोच्या धड रायफलीशी बदलली. सगळ्या एकसारख्याच दिसायच्या, कुणाला कळणार होतं!

फाउस्टोने कुरकुर केली नाही. बांबूची काठी तासली. दर गोळीनंतर ती नळीच्या तोंडातून खुपसून अडकलेलं काडतूस तो मागे ढकलायचा. वर आणखी एक काठी तासून टॅकेटला दिली.

“ठेवा, सार्जंट. तुमचीही म्हातारीच आहे. ऐनवेळी रुसली तर?”

टॅकेटने ती घाईघाईने कमरेला खोचली.

पहाटे जपानी चालून आले. टॅकेटची रायफल एकदाही अडली नाही. हल्ला ओसरल्यावर शेजारच्या खड्ड्यात फाउस्टो मरून पडलेला दिसला. काठी अजून नळीतच होती.

लेफ्टनंट भडकला. “हे भंगार कुणी दिलं रे याला?”

“सरकारनं, साहेब,” टॅकेट म्हणाला, आणि कमरेला खोचलेली कोरी काठी त्याने हळूच सदऱ्याखाली लपवली.