कललेली तीस पानं

आमच्या कुफा शहरात अक्षर ताठ. उभी रेघ म्हणजे खजुराचं खोड. माझे यजमान झुरारा मदिनेचे; त्यांची प्रत्येक रेघ उजवीकडे कललेली. लग्न नवं होतं तेव्हा मी म्हणाले होते, "अहो, तुमच्या अक्षराला वारं लागलंय का?" त्यांनी चार दिवस अबोला धरला होता.

मशिदीसाठी कातड्याच्या पानांवर कुराणाची प्रत करायचं काम त्यांच्याकडे आलं. तीस पानं झाली आणि त्यांचा हात कापायला लागला. पुढची मी लिहिली. माझे वडीलही लेखनिकच, बोरू त्यांनीच हातात दिलेला. या ग्रंथावर लिहिणारा आपलं नाव घालत नाही, त्यामुळे विचारतं कोण? यजमानांचं म्हणणं एवढंच, "माझी तीस पानं तरी मशिदीत वाचली जावीत. त्यानंतर मेलो तरी चालेल."

मशिदीचे शेख शबीब पानं बघायला आले.

"झुरारा, हे सुरुवातीचं सगळं पडतंय की रे! आणि मागचं बघ, काय ठसठशीत! ही तीस धुऊन काढ, दगडानं घास आणि मागच्यासारखी लिही. नवी कातडी मिळायची नाहीत."

शेख अंगणात गेल्यावर मी यजमानांवर भडकले, "सांगा ना, मागचं तुमचं नाही म्हणून!"

"मग तो विचारेल कुणाचं. बाईचं म्हटल्यावर तुझीही जातील. धू तू."

मी धुतली. अंगणात, शेखांच्या डोळ्यांदेखत. ते पाणी पायदळी जाता कामा नये, म्हणून डाळिंबाच्या मुळाशी ओतलं. शेख समाधानानं घरी गेले. यजमान भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला शेखांचा असा राग आला होता, की त्या संध्याकाळी पिठात मीठ दोनदा पडलं. पानं वाळल्यावर मी ताठ अक्षरात ती तीसही पुरी केली.

दुसऱ्या हिवाळ्यात शेख एक पान घेऊन तणतणत आले. माझ्या काळ्या ओळींखालून तपकिरी, कललेली अक्षरं वर आली होती.

"बाई, हे धुतलं होतंस ना?"

"धुतलं की. तुम्हीच तर उभे होतात."

"तिसाच्या तीस पानांवर उगवलंय! आता परत धुवावं तर कातडं फाटेल."

"मग राहू द्या."

शेख पुटपुटले, पण दुसरं करणार काय?

यजमानांनी ते पान मागून घेतलं. थरथरतं बोट आपल्याच ओळीवरून शेवटपर्यंत नेलं आणि शेखांसमोरच ढसाढसा रडले.

माजूफळाची आणि हिराकशीची शाई कातड्यात मुरते. नुसत्या पाण्यानं ती दबते, जात नाही. ओल लागली की वर येते. म्हणून तर धुतलेलं पान वाळल्यावर दगडानं घासायचं असतं. वडिलांनी मला ते लहानपणीच शिकवलं होतं.

दगड मी हातात घेतलाच नव्हता.