मेलेल्यांच्या गर्दीतले आजोबा

"आजी, हा झोंबी आहे की दमलेला पोस्टमन?" नातीने विचारलं आणि तिच्या पलीकडच्या मैत्रिणी खिदळल्या.

थिएटर भरलं होतं. मेलेली माणसं थडग्यांतून उठून गावावर चालून येतात, असा तो जुना, काळा-पांढरा सिनेमा. एके काळी तो बघताना भल्याभल्यांची बोबडी वळली होती. आता मात्र एखादं प्रेत कुंपणाला अडखळलं की लोक टाळ्या पिटत होते.

"अरे, पळा की जरा!" मागून कोणीतरी ओरडलं. "पोचेपर्यंत म्हातारे व्हाल!"

आजी ताठ बसून होती. नातीला हौसेने इथे आणलं होतं तिनेच. नात जन्मायच्या कितीतरी आधी आजोबा गेले. घरात त्यांचे फोटो होते. पण चालते-बोलते आजोबा, म्हणजे बोलते नाहीत, निदान चालते तरी, फक्त याच सिनेमात होते. पोरीने त्यांना पहिल्यांदा बघायचं आणि फिदीफिदी हसायचं?

"पण आजोबांना घेतलं कसं?" नात कुजबुजली.

"यांच्या बेकरीमागच्या रिकाम्या घरात शूटिंग चाललं होतं. रात्रपाळी सुटली की हे सगळे पांढरेफटक होऊन बाहेर पडायचे, पिठाने. दिग्दर्शक म्हणाला, चला, माझी पावडर वाचली!"

"आणि अ‍ॅक्टिंग?"

"करूच नका म्हणाला. दमून घरी जाता ना, तसेच चाला."

नातीने ओठ चावून हसू दाबलं. आजीला ते अंधारातही कळलं.

खरं तर आजीनेही हा सिनेमा अर्धाच पाहिला होता. नातीचा बाप तेव्हा मांडीवर होता. त्याने असा टाहो फोडला की मेलेले दारापर्यंत पोचायच्या आतच तिला त्याला घेऊन बाहेर पडावं लागलं. "माझं काम कसं झालंय?" यांनी विचारलं, तेव्हा ती आपली "छान" म्हणून मोकळी झाली होती.

पडद्यावर दार मोडलं.

"तो बघ," आजी म्हणाली. "मधला. एप्रनवाला."

बाकीचे धक्काबुक्की करत आत घुसले. एप्रनवाला उंबरठ्यापाशी थांबला. तिथे पायपुसणं पडलं होतं. त्याने आधी एक पाय पुसला, मग दुसरा, अगदी नीट, आणि मगच घरात पाऊल टाकलं.

थिएटर हसण्याने दणाणलं. "संस्कारी भूत!" मागून आरोळी आली. मैत्रिणी एकमेकींच्या अंगावर कोसळल्या.

रोज सकाळी दारातच आजी करवादायची, 'पाय पुसा आधी! घरभर पीठ होतं नुसतं.' समोर कॅमेरा चालू, अंगावर मरण चढवलेलं, तरी ते विसरले नव्हते.

तो चालत राहिला. घाई कसलीच नव्हती. भिंतीला पाठ लावून घरातली बाई किंचाळत होती आणि तो तिच्याकडे बघत होता. ही आज अशी का ओरडतेय, हे न उमगल्यासारखा.

"अगं," एक मैत्रीण हळूच म्हणाली, "त्याला वाटतंय, हे त्याचंच घर आहे."

हसू विरत गेलं. आधी त्यांच्या रांगेतलं, मग पुढचं. मागचा ओरडणाराही गप्प झाला. बाई किंचाळायची थांबली, तेव्हा थिएटरात कोणी खोकलंसुद्धा नाही.

कपाटाआडून नायक कुऱ्हाड घेऊन पुढे सरकला. एप्रनवाल्याची त्याच्याकडे पाठ होती.

नातीने घाईघाईने आजीच्या डोळ्यांवर हात धरला. "नको बघूस, आजी."

आजीने तो हात अलगद खाली घेतला आणि आपल्या मांडीवर घट्ट धरून ठेवला.

"थांब गं," ती म्हणाली. "त्यांचं काम अजून संपलेलं नाही."