ओळख द्यायची नाही

सायलीच्या कडेवरच्या आरोहीने घोटीच्या बाजारात गोदावरीबाईंना पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले.

"अगं बया, कुणाकडं चालली?" सायलीची सासू धोंडाबाई म्हणाली. "वळखीची हाय का गं ही बाई?"

"नाय हो आत्याबाई," सायली म्हणाली.

गोदावरीबाईंना त्याचं वाईट वाटलं नाही. शिकवण त्यांचीच होती. सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची एचआयव्ही तपासणी झाली की त्यांना समजावून सांगायचं काम गोदावरीबाईंचं. सतरा वर्षं त्या प्रत्येकीला बजावत आल्या होत्या, बाहेर भेटलो तर ओळख द्यायची नाही. बायका ते इमानाने पाळत. म्हणून अर्धा तालुका ओळखीचा, आणि हळदीकुंकवाला बोलावणारं घर एक नाही. फार एकटं वाटायचं त्यांना, आणि ते सांगणार तरी कुणाला!

सायली पाचव्या महिन्यात पॉझिटिव्ह निघाली. ते नवराबायकोलाच ठाऊक. सायलीने गोळ्या एक दिवस चुकवल्या नाहीत, आरोहीला जन्मल्यापासून औषध पाजलं. पोर दीड वर्षाची झाल्यावरची शेवटची तपासणी गुरुवारी झाली आणि अहवाल काल आला. पोरीला लागण नव्हती. पण घरातला फोन सासूच्या हाती, आणि सायली गोळ्यांना येणार ती पुढच्या महिन्यात. तोवर तिच्या जिवाला घोर.

गोदावरीबाईंना राहवेना. सतरा वर्षांचा नियम त्यांनी चुलीत घातला. आरोहीच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "किती ठणठणीत आहे हो पोर! हिची कसली म्हणून काळजी नको. अगदी खात्रीने सांगते."

सायलीने आरोहीला छातीशी घट्ट धरलं. तिला कळलं.

धोंडाबाईला मात्र भलतंच कळलं. "वळख ना पाळख, लेकराला दिष्ट लावती? पोरंबाळं हायेत का तुला?"

"नाहीत."

"तरीच! सायले, बघती काय? काढ दिष्ट!"

सायलीने पोरीच्या तोंडावरून हात ओवाळले आणि बोटं आपल्या कानशिलावर मोडली. दहाही कडाकडा वाजली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"बघ, केवढी लागली व्हती!" धोंडाबाई म्हणाली. "लय वाईट नजर बाईची."

सायली मान खाली घालून म्हणाली, "व्हय."

पुन्हा समोरासमोर यायला नको, म्हणून गोदावरीबाई रिकामी पिशवी घेऊनच बाजाराबाहेर पडल्या.