तिसऱ्या गाण्यातली घाई

“बाबा, बँडच्या या नव्या रेकॉर्डवर ड्रम खरंच तूच वाजवलेस ना?”

ब्रायोनीने एका दमात विचारून टाकलं. क्लाइव चिप्सवर व्हिनेगर ओतत होता. त्याने बाटली सरळ केलीच नाही. चिप्स पोहायला लागल्या.

“नाही, शेजारच्या मांजराने वाजवले.”

विनोद त्याचाच होता, पण तो स्वतः हसला नाही. आईला मात्र त्याच क्षणी रिकामं सिंक घासायची आठवण झाली.

सकाळी बसस्टॉपवर वर्गातली केझिया म्हणाली होती, “साठीच्या म्हाताऱ्याला एवढा वेग? ड्रम वाजवणारं मशीन आहे, मशीन! हिंमत असेल तर विचारून दाखव. नाहीतर शनिवारच्या कार्यक्रमात आम्ही स्टेजसमोर ‘मशीन, मशीन’ ओरडणार.” आणि सगळ्या खिदळल्या होत्या.

मशीन! ‘कोल्ड चिप्स’ला याहून घाणेरडी शिवी नव्हती. ग्रिम्स्बीतला बाबाचा हा बँड चाळीस वर्षं एकाच गोष्टीवर छाती फुगवत आला होता : जे वाजलं ते वाजलं, चूक झाली तरी पुसायची नाही. आणि आता बाबा सरावाला जात नव्हता. सर्दी आहे म्हणे. मार्चपासून सर्दी? बरणीचं झाकणसुद्धा हल्ली आईच उघडायची.

जेवण अर्धवट टाकून ती बाहेरच्या खोलीत गेली आणि तिने रेकॉर्ड लावली. चार गाणी, अकरा मिनिटं. आवाज वाढवून ती गालिच्यावर बसली. मशीन तर मशीन, पण आज छडा लावायचाच.

पहिलं गाणं सुसाट. दुसरं त्याहून सुसाट. तिसऱ्यात शेवटच्या कडव्याआधी ड्रम गडगडले आणि झांज गिटारच्या आधीच कोसळली. जेमतेम केसभर आधी.

ब्रायोनीने सुई मागे नेली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा बरोबर झांजेसोबत तिचाच उजवा पाय गालिच्यावर आपटला.

मशीन असं चुकत नाही. असं फक्त एकच माणूस चुकतं. तिला ड्रम शिकवणाऱ्या बाई दर आठवड्याला डोक्याला हात लावतात, “अगं, गाडी सुटतेय का तुझी?”

तिला ईस्टरच्या सुट्टीतलं गॅरेज आठवलं. बाबाने तिच्या कानांवर हेडफोन चढवले होते. “ही गिटार ऐकत ड्रम वाजव. नुसता सराव. तो माइक बंद पडलाय, तिकडे लक्ष देऊ नकोस.”

क्लाइव दारात उभा होता, उजवा हात काखेत दाबून.

“मनगट गेलंय, ब्राय. ड्रमची काठी धरवत नाही.”

“बँडला माहितीये?”

“त्यांना वाटतं मीच. ती झांज ऐकून खूश झाले. म्हणाले, क्लाइव, या वयात ही घाई!”

“मग ती काढून टाकायची ना. मला कळलंच नसतं.”

“चूक कशी पुसणार?” तो खरंच दुखावल्यासारखा म्हणाला.

“मी म्हटलं होतं, पोरीला आधी विचार,” मागून आई म्हणाली. तिच्या हातात अजून घासणी होती.

“शनिवारचं रद्द करतो,” क्लाइव पुटपुटला. “हात मोडला म्हणून सांगतो.”

ब्रायोनीने रेकॉर्ड बंद केली. तिचे कान लाल झाले होते, आणि ओठांवरचं हसू आवरत नव्हतं.

“काही रद्द करायचं नाही. शनिवारी मी वाजवणार,” ती दोघांना म्हणाली. “पण बाबा, तुझ्या नावाने नाही.”