दगडी बदाम

आमच्या एडिनबरात एका जागी थुंकायचं असतं.

किल्ल्याकडून राजवाड्याकडे उतरणारा मोठा रस्ता आहे ना, त्यावर सेंट जाइल्स चर्चच्या दाराशी फरशीत रंगीत दगडांचा एक बदाम बसवलाय, पत्त्यांतला असतो तसा. तिथे पूर्वी तुरुंग होता. पाडला त्याला दोनशे वर्षं झाली, पण आमच्या लोकांचा राग अजून गेलेला नाही. जाता-येता त्या बदामावर थुंकायचं. थांबायचं नाही, खाकरायचं नाही, चालता चालता टाकायची आणि पुढे जायचं. मला आईने शिकवलं तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. मुलं देवाचं म्हणायला शिकतात, आम्ही हे शिकलो.

आमच्या घराण्यात त्याची गोष्टही आहे. कोणी रॅब रँकिन नावाचा आमचा पूर्वज, दुष्काळात पिठाची गाडी अडवली म्हणून आत गेला. त्याची आई रोज तुरुंगाच्या दारापर्यंत यायची. पहारेकरी आत सोडायचे नाहीत. मग ती दारावर थुंकायची आणि परत जायची. हात पोचत नव्हता तिथे थुंकी पोचली, असं माझी आई म्हणायची. रॅब बाहेर आला का, ते कुणी सांगत नाही. म्हणजे आला नसावा.

मी डॉड रँकिन. तीस वर्षं छपरांवर स्लेटचे पत्थर बसवले. गुडघे गेले तेव्हा खाली उतरलो आणि 'जांभळी छत्री' नावाच्या कंपनीत पाहुण्यांना गाव दाखवायला लागलो. जांभळी छत्री उंच धरायची, किल्ल्यापासून राजवाड्यापर्यंत लोकांना न्यायचं, बोलत राहायचं. बोलायला कोणी शिकवावं लागलं नाही. अकरा वर्षं केलं. या वयात, या गुडघ्यांना, दुसरं काम कोण देतंय?

माझी मोठी बहीण नेटा त्याच रस्त्यालगतच्या बोळात चौथ्या मजल्यावर राहते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिच्या जिन्यातली बाकी सगळी घरं आता पाहुण्यांना भाड्याने जातात, दाराशी चाव्यांच्या डब्या लटकतात. नेटा रोज सकाळी चौकड्यांच्या कापडाची ट्रॉली ओढत बाजाराला निघते आणि वाटेत बदामावर थुंकते. नेम माझ्यापेक्षा चांगला.

तर मार्च महिन्यात कंपनीचा नवा साहेब आला, गॅविन ट्वीडी. तिशीचा पोरगा, बूट लखलखीत. त्याने माझ्या हातात एक कागद दिला. त्यात लिहिलं होतं की हा 'प्रेमिकांचा बदाम' आहे आणि त्यावर उभं राहून जोडप्याने चुंबन घेतलं की प्रेम जन्मभर टिकतं.

मी म्हणालो, "पोरा, हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. आपण सांगायचं."

"तिथे माणसं डांबली होती. बाहेर फाशी द्यायचे."

"डॉड, लोक सुट्टीवर येतात. थुंकी बघायला येत नाहीत. बोटीवरून आलेल्या पाहुण्यांनी तक्रार केली आहे. लोकांना गोड आवडतं."

"मग मिठाईचं दुकान टाक."

तो हसला नाही. "गुरुवारी फोटो काढणारा घेऊन मी स्वतः येतोय. कागदावर आहे तेवढंच बोला. आणि तुम्ही थुंकायचं नाही. नाही जमलं तर छत्री परत द्या."

त्या संध्याकाळी मी नेटाकडे बार्लीचं सूप प्यायला गेलो आणि तिला कागद वाचून दाखवला. तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आणि तू हे बोलणार?"

"मग काय करू? छपरावर चढू?"

"मी काय म्हटलं का काही?"

"तोंडावर दिसतंय तुझ्या."

"माझं तोंड असंच आहे, जन्मापासून." तिने माझ्या वाडग्यात आणखी सूप ओतलं. "रॅबच्या आईचे गुडघे कसे होते कोण जाणे. चढ तर हाच होता."

"नेटा, टोमणे मारू नकोस."

"सूप पी. थंड होतंय."

गुरुवारी समुद्रावरून धुकं आलं होतं. माझ्यामागे चौदा माणसं. त्यात बेल्जियमचं एक नवं जोडपं होतं, लग्नाला आठवडा झालेलं. मुलीचं नाव लीस्बेट, पायात पांढरे बूट. गॅविनने त्यांनाच फोटोसाठी निवडलं होतं.

बदामापाशी पोचलो आणि मी बघतच राहिलो. बदाम घासून धुतला होता. चारी बाजूंनी खांब लावून लाल दोर बांधला होता, आणि आत गुलाबाच्या पाकळ्या पसरल्या होत्या. जोडपं आत जाऊन उभं राहिलं. गॅविनने मला मानेने खुणावलं.

मी कागद काढला. "मंडळी, ही जागा प्रेमिकांची..." आणि पुढचं वाचण्याऐवजी पाकळ्यांकडे बघितलं. पुन्हा सुरुवात केली. "ही जागा..."

तेवढ्यात मागून ट्रॉलीच्या चाकांचा खडखडाट आला. मला बघायची गरज नव्हती, ते डावं चाक मीच दोनदा दुरुस्त केलंय.

नेटा दोरापाशी येऊन थांबली. तिला त्या जागी थांबलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

गॅविन गोड आवाजात म्हणाला, "आजी, आज जरा बाजूने जाता का?"

"बाजूने मी कधी गेले नाही, बाळा."

"पाचच मिनिटं."

"इथून तीन पावलांत जाते मी. पाच मिनिटांचं काय करू?"

दोर तिच्या छातीइतका उंच होता. वाकता येत नाही तिला, आणि ट्रॉली खालून जाणार नव्हती. तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. बस थांबेल की नाही म्हणून माणूस ड्रायव्हरकडे बघतो, तसं.

मी छत्री मिटली आणि छत्रीच्याच मुठीने दोराचा आकडा उचलला. दोर खाली पडला.

"डॉड," गॅविन म्हणाला.

नेटा आत आली. जोडपं आपोआप सरकलं. तिने चालता चालता पाकळ्यांच्या बरोबर मध्यभागी टाकली आणि निघून गेली. मागे वळून बघितलं नाही. तशी पद्धतच नाही.

मग लीस्बेट म्हणाली, "त्या असं का करून गेल्या?"

मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "मुली, तू उभी आहेस तिथे तुरुंगाचं दार होतं. ती पितळेची बटणं दिसतात ना फरशीत, तिथपर्यंत भिंती होत्या. आमचा एक जण आत होता. त्याच्या आईला दुसरं काही करता आलं नाही, म्हणून ती हे करायची. तेव्हापासून आम्ही करतो. प्रेमाचं म्हणशील तर तेवढंच प्रेम आहे इथे."

आणि मी पुढे होऊन थुंकलो. नेम थोडा चुकला, पण बदामातच पडली.

गॅविनने हात पुढे केला. मी छत्री दिली. तो माझ्याकडे न बघता लोकांना म्हणाला, "ज्यांचं तिकीट आमच्या कंपनीचं आहे त्यांनी छत्रीमागे यावं." चौदापैकी नऊ जण गेले. त्यांना नावं ठेवत नाही, त्यांनी सहलीचे दिवस मोजून आणलेले असतात. फोटोवालाही गेला, जाताना माझ्याकडे बघून भुवई उडवली.

पाच राहिले. लीस्बेटने बुटाला चिकटलेल्या पाकळ्या झटकल्या. मग नवऱ्याचा हात सोडून बदामापाशी गेली, वाकली, आणि काहीच झालं नाही.

"तोंड कोरडं पडलंय," ती म्हणाली.

"पहिल्यांदा होतं असं. चालता चालता कर. उभं राहून लाज वाटते."

ती दहा पावलं मागे गेली आणि पुन्हा आली. या वेळी जमलं. थोडी हनुवटीवर आली, नवऱ्याने रुमाल दिला. त्या पाचांना मी राजवाड्याच्या फाटकापर्यंत नेलं. तिकीट कुणाचं, कशाचं, काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी बदामापाशी जाऊन उभा राहिलो. रस्ता काही कुणाच्या बापाचा नाही. अडचण एकच, छत्री नाही तर लोकांनी ओळखायचं कसं? नेटा म्हणाली, "माझी ट्रॉली ने. बाजार आटपतो माझा दहापर्यंत. फक्त चाकाला तेल घाल."

आता तीच चौकड्यांची ट्रॉली घेऊन उभा असतो. कधी बारा जण येतात, कधी दोन, एकदा पावसात एकटा नॉर्वेचा म्हातारा. कंपनीने पत्र पाठवलं की माझ्यामुळे त्यांच्या कामात अडथळा येतो. मी ते नेटाला वाचून दाखवलं, आणि तिने त्यात मासे गुंडाळले.

पाकळ्या पुन्हा कुणी टाकल्या नाहीत. गॅविनची जांभळी छत्री रोज येते, पण बदामाला लांबून वळसा घालून जाते. मी बाजूने जात नाही. चाकाला तेलही घातलेलं नाही. वाजू दे.